फ्लायकॅम बॅलन्स करताना: वजनं, दांडा आणि एक मिलिमीटर

मोटरचे गिंबल, म्हणजे मोटरच्या जोरावर कॅमेरा सरळ ठेवणाऱ्या मुठी, आले आणि लग्नाच्या शूटिंगमधून बिनमोटरचे स्टॅबिलायझर मागे पडले. शूटिंगवाले ज्याला सरसकट फ्लायकॅम म्हणतात तेच हे: हातात एक मूठ, मुठीवर बेअरिंगचा सांधा, सांध्यातून गेलेला दांडा, वर कॅमेरा आणि खाली वजनं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर असा एखादा पडलेला असतोच आणि मालक तो स्वस्तात द्यायला तयारही असतो. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करू पाहणाऱ्या नव्या माणसासाठी हा सौदा वाईट नाही. चार्जिंग नाही, ॲप नाही, मोटर जळण्याची भीती नाही.

घोडं अडतं ते बॅलन्सवर. नवा माणूस कॅमेरा चढवतो. तो डावीकडे कलतो म्हणून उजवीकडे सरकवतो. मग तो पुढं झुकतो म्हणून खाली वजन वाढवतो. वजन वाढलं की सगळा झोका बदलतो आणि पहिल्यापासून सुरुवात. दोन तास असे गेले की यंत्र परत माळ्यावर जातं. खरं तर यंत्रात काही खोट नसते, क्रम चुकलेला असतो. आधी वर-खाली, मग डावं-उजवं आणि पुढं-मागं, शेवटी फिरवून पाहणं. हा क्रम पाळला तर पहिल्या वेळी पाऊण तास लागतो आणि हात बसल्यावर दहा मिनिटं.

आधी कॅमेरा तयार करा

स्टॅबिलायझरला हात लावण्यापूर्वी कॅमेरा शूटिंगला लागेल अगदी त्याच अवस्थेत आणायचा. बॅटरी आणि कार्ड आत. लेन्सचं झाकण काढलेलं. माइक लावणार असाल तर आत्ताच लावा, एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) वापरणार असाल तर तोही आत्ताच. बाजूला उघडणारी स्क्रीन ज्या कोनात ठेवणार त्या कोनात उघडा. झूम लेन्स असेल तर ज्या फोकल लेंग्थवर, म्हणजे जितक्या झूमवर, शूट करायचं तिथं ठेवा आणि पुन्हा हात लावू नका, कारण बऱ्याच झूम लेन्सची नळी झूम केल्यावर पुढं सरकते आणि वजनही तिच्याबरोबर पुढं जातं.

गळ्यातला पट्टा मात्र काढूनच टाका. गुंडाळून टेपने चिकटवलेला पट्टाही चालत नाही, तो चालता चालता सुटतो. लोंबता पट्टा हा बॅलन्सचा पहिला शत्रू आहे, कारण तो एका जागी राहत नाही.

लेन्स शक्यतो वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, घ्या. एपीएस-सी (लहान) सेन्सरवर १६ मिमी, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) २४ मिमीच्या आसपास. ५० मिमीवर तोच हेलकावा दुप्पट-तिप्पट मोठा दिसतो, आणि नव्या हाताला तो झाकता येत नाही.

आता कॅमेऱ्याचा तोल शोधा. जाड गोल पेन टेबलावर आडवा ठेवा, त्यावर कॅमेरा लेन्ससकट ठेवून मागं-पुढं सरकवा. ज्या रेषेवर तो दोन्हीकडे पडायला बघतो पण पडत नाही, तिथं बॉडीच्या बाजूला कागदी टेपची खूण करा. जड लेन्स असेल तर ही रेषा ट्रायपॉडच्या भोकाच्या बरीच पुढं, कधी लेन्सच्या बुडाशी येते. वरच्या प्लेटवर कॅमेरा बसवताना ही खूण दांड्याच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. भोक दांड्याच्या डोक्यावर असून उपयोग नाही. एवढं केलं की पुढचं निम्मं काम संपतं, आणि नेमका हाच भाग लोक गाळतात.

क्विक रिलीज प्लेटचा (कॅमेऱ्याच्या बुडाला लावायच्या, झटकन निघणाऱ्या प्लेटचा) स्क्रू पाव इंची असतो. तो नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने नीट आवळा. बोटांनी आवळलेला स्क्रू वरातीत डीजेच्या हादऱ्याने ढिला होतो आणि कॅमेरा प्लेटवर हळूच फिरतो. बॅलन्स 'आपोआप' गेल्याच्या तक्रारी बहुतेक इथून येतात.

यंत्र टेकवायची जागा

बॅलन्स करताना दोन्ही हात मोकळे हवेत. लाइट स्टँडच्या टोकावर मूठ बसत असेल तर उत्तम, पण स्टँडच्या पायात वाळूची पिशवी किंवा वीट ठेवा. स्टँड नसेल तर टेबलाच्या कडेला क्लॅम्प लावून मूठ पकडा, खालची वजनं टेबलाला न लागता फिरली पाहिजेत. तेही नसेल तर बरोबरच्या पोऱ्याला मूठ धरायला सांगा, फक्त त्याने मूठ सरळ धरावी, कोपर टेकवून. पंखा बंद करा. अंगणात करत असाल तर भिंतीचा आडोसा घ्या.

रिकाम्या यंत्राचा सांधा आधी तपासा. दांडा हलकेच ढकलला की तो कुठंही न अडखळता फिरला पाहिजे. एका ठरावीक जागी अडखळत असेल तर बेअरिंगमध्ये कचरा आहे किंवा ते चेपलं आहे. चेपलेल्या बेअरिंगवर बॅलन्स होत नाही, कितीही वेळ घाला. सेकंडहँड घेताना पैसे देण्याआधी हीच एक गोष्ट नीट बघायची असते. रंग उडालेला चालतो, वजनाच्या चकत्या कमी असल्या तरी चालतं.

वरच्या प्लेटचे कॅमेरा सरकवणारे दोन्ही नॉब मधोमध आणा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच सरकायला जागा राहील.

वजन आणि दांडा

इथं थोडा हिशेब समजून घेतला तर अंधारात चाचपडावं लागत नाही. सांध्याच्या वर जे वजन आहे ते गुणिले सांध्यापासूनचं अंतर, आणि खाली जे वजन आहे ते गुणिले त्याचं अंतर, हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत. खालचा अगदी किंचित जास्त.

उदाहरण घेऊ. कॅमेरा, लेन्स आणि क्विक रिलीज मिळून १२०० ग्रॅम. वरची प्लेट ३०० ग्रॅम. या १५०० ग्रॅमचा मध्य सांध्याच्या १२ सेंमी वर आहे. म्हणजे १८,००० झाले. खालची पट्टी (दांड्याच्या बुडाची, चकत्या लावायची आडवी पट्टी) सांध्यापासून ३६ सेंमी खाली असेल तर पट्टी आणि चकत्या मिळून ५०० ग्रॅम लागतील: ५०० गुणिले ३६, पुन्हा १८,०००. दांडा आखूड करून अंतर २४ सेंमी केलं तर तेच काम करायला ७५० ग्रॅम लागतील.

मग आखूड दांडा कशाला ठेवायचा? गर्दीत, मांडवात, खुर्च्यांच्या रांगांत लांब दांडा आपटतो म्हणून. मोकळ्या जागेत मात्र लांब दांडा आणि कमी वजन हेच बरं. एकूण ओझं कमी होतं, आणि वजन लांब असल्यामुळे यंत्र चटकन कलत नाही. हाताचे बारीक झटके त्यात विरून जातात.

प्रत्यक्षात असं करा. खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना सारख्या चकत्या लावा, सुरुवातीला प्रत्येकी दोन. दांडा हाताने उभा धरा आणि सोडा. कॅमेरा लगेच खाली कोसळायला लागला तर वरचं जड आहे, दोन्ही टोकांना एकेक चकती वाढवा. यंत्र झटकन उभं राहून टाइट लोंबायला लागलं तर खालचं जड आहे, एकेक काढा. चकतीने ढोबळ काम करायचं आणि बारीक काम दांड्याच्या लांबीने. दांड्याची कॉलर (लांबी आवळून धरणारी कडी) सैल करताना दुसरा हात खाली ठेवा. कॉलर सुटली की खालचा भाग सटकन खाली येतो आणि चकती पायाच्या बोटावर पडते.

चकत्या पट्टीच्या टोकांना ठेवायच्या की आत, हाही निवडीचा भाग आहे. टोकांना ठेवल्या तर कॅमेरा डावी-उजवीकडे सावकाश वळतो, चालताना भरकटत नाही. आत ओढल्या तर पटकन वळतो. नवीन माणसाने टोकांनाच ठेवाव्यात.

ड्रॉप टाइम

खालचं 'किंचित जास्त' म्हणजे नेमकं किती, हे मोजायची पद्धत सोपी आहे. दांडा हाताने पूर्ण आडवा करा, जमिनीला समांतर. सोडा. वजनाचं टोक खाली झुलत येऊन दांडा उभ्या रेषेतून जाईपर्यंत किती वेळ लागला ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. हा ड्रॉप टाइम. बरोबर माणूस असेल तर त्याला मोबाइलवर शूट करायला लावा आणि क्लिप बघून मोजा, जास्त नेमकं येतं.

शिकताना २ सेकंद ठेवा. १ सेकंद आला तर यंत्र लोलकासारखं वागतं: तुम्ही चालायला सुरुवात केली की कॅमेरा मागं राहतो, थांबलात की पुढं झोका खातो. व्हिडिओत क्षितिज झोपाळ्यासारखं दिसतं. ३ सेकंदांच्या पुढं गेलात तर झोका जातो, पण यंत्र इतकं डळमळीत होतं की बोट लागलं तरी कलंडतं आणि परत उभं राहायचं नाव घेत नाही. मुरलेले हात ३ सेकंदांवर चालवतात. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका.

वरच्या उदाहरणातलं यंत्र २ सेकंदांवर आणायचं तर खाली किती जादा वजन लागेल? हिशेबाने सुमारे २० ग्रॅम. बस. एक ५० ग्रॅमची चकती म्हणूनच मोठी पडते आणि लोक चकत्या लावत-काढत बसतात. त्याऐवजी दांडा १ सेंमी लांब केला तर याच यंत्राचा ड्रॉप टाइम २ सेकंदांवरून दीड सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे अर्धा-अर्धा सेंमी सरकवत मोजायचं. कॉलर दांड्यावर अडकत असेल, बारीक सरकत नसेल, तर दहा रुपयांची नाणी कामाला येतात. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. पट्टीच्या बरोबर मध्यभागी, दांड्याच्या बुडाशी एकेक नाणं चिकटवत जा. काही दुकानदार ते घेत नाहीतच, इथं तरी चालेल. हार्डवेअरच्या दुकानातले वायसर त्याहून बरे, कारण त्यांच्या भोकातून बोल्ट जातो.

डावं-उजवं आणि पुढं-मागं

ड्रॉप टाइम लागला की मगच इकडे या. यंत्राच्या मागं उभे राहा, जिथून तुम्ही स्क्रीन बघता. कॅमेऱ्याचं डोकं डावीकडे कलत असेल तर कॅमेरा उजवीकडे सरकवा. उजवीकडे कलत असेल तर डावीकडे. लेन्स खाली बघत असेल तर कॅमेरा मागं, वर बघत असेल तर पुढं. कलतो त्याच्या उलट, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

किती सरकवायचं? यावर घाई होते. २ सेकंदांच्या ड्रॉप टाइमवर वरच्या उदाहरणातल्या यंत्राचा गुरुत्वमध्य सांध्याच्या जेमतेम ४ मिमी खाली असतो. कॅमेरा १ मिमी बाजूला गेला की पूर्ण यंत्र ९ अंशांच्या आसपास कलतं. तेच ३ सेकंदांवर २० अंशांच्या जवळ जातं आणि १ सेकंदावर दोन-अडीच अंश. म्हणून तर ड्रॉप टाइम आधी लावायचा. तो बदलला की नॉबचा प्रत्येक मिलिमीटर वेगळा वागतो आणि आधी केलेलं सगळं पाण्यात जातं.

तेव्हा नॉब अर्धा आटा फिरवा, हात काढा, यंत्र पूर्ण थांबू द्या, मग बघा. ते थांबायला दहा-पंधरा सेकंद घेतं. हलत्या यंत्राकडे बघून नॉब फिरवणारा माणूस संध्याकाळपर्यंत नॉबच फिरवतो. सरळ झालं की नाही हे कॅमेऱ्यावर ठेवलेल्या मोबाइलच्या लेव्हलवरून ठरवू नका, मोबाइलचं वजनच तोल बिघडवेल. कॅमेऱ्यातली लेव्हलची रेषा चालू करा, किंवा समोरच्या दाराची चौकट आणि दांडा यांची रेषा जुळवा. दाराची चौकट सरळ आहे ना, तेही एकदा बघा. जुन्या धाब्याच्या घरांत ती नेहमीच असेल असं नाही.

लेन्स जड आहे, कॅमेरा शेवटापर्यंत मागं नेला तरी लेन्स खालीच बघते, असं झालं तर खालच्या पट्टीच्या पुढच्या टोकाची एक चकती मागच्या टोकाला लावा. ५० ग्रॅमची चकती १५ सेंमी मागं गेली की कॅमेरा ६ मिमी मागं नेल्याइतका फरक पडतो. मग नॉब पुन्हा मध्यावर आणून बारीक जुळवणी करा.

दोन्ही दिशा लागल्यावर नॉब लॉक करा आणि परत बघा. लॉक आवळताना प्लेट केसभर सरकते, आणि केसभर म्हणजे इथं दोन-तीन अंश. चांगल्या यंत्रात हे कमी होतं. स्वस्तातल्या यंत्रात लॉक आवळल्यावर प्लेट कुठल्या बाजूला सरकते ते ओळखून आधीच तेवढं उलट ठेवायची सवय लागते.

फिरवून पाहा

आता दांड्याला दोन बोटांनी अगदी हळू फिरकी द्या, साधारण चार-पाच सेकंदांत एक फेरी. दांडा उभाच राहून फिरला तर झालं. फिरताना वरचं डोकं मोठं वर्तुळ काढायला लागलं, तर कॅमेऱ्याचं वजन आणि खालच्या पट्टीचं वजन एकमेकांच्या रेषेत नाही. थांबलेलं असताना सरळ दिसणारं यंत्रही फिरवल्यावर असं डुलू शकतं. बहुतेक वेळा कारण खाली सापडतं: दोन टोकांच्या चकत्या वेगळ्या, किंवा पट्टीच लेन्सच्या रेषेशी तिरकी बसलेली. पट्टी लेन्सच्या दिशेला समांतर करा, चकत्या सारख्या करा, मग वरचे नॉब पुन्हा बघा. थोडंसं डुलणं राहिलं तर सोडून द्या. लग्नात किंवा गाण्यात तुम्ही कॅमेरा गरागरा फिरवत नाही.

झालं की मोबाइलवर तीन फोटो काढून ठेवा: वरची प्लेट, दांड्याची कॉलर, खालच्या चकत्या. दांड्यावर आणि प्लेटवर पर्मनंट मार्करने रेघ मारा आणि शेजारी लेन्सचं नाव लिहा. दुसऱ्या लेन्ससाठी दुसऱ्या रंगाची रेघ. हळदीच्या मांडवात लेन्स बदलायची वेळ आली तर हीच रेघ तुम्हाला दोन मिनिटांत परत उभं करते.

बॅलन्स केल्यावर तो जातो कुठे

बॅलन्स केलेला असतो, शूट सुरू होतं आणि क्षितिज तिरकं यायला लागतं. कारणं मोजकीच असतात.

लेन्सचं झाकण लावून बॅलन्स केलं आणि शूटला काढलं: १५ ग्रॅमचं झाकण, पण ते दांड्यापासून १० सेंमी पुढं असतं, त्यामुळे लेन्स १० अंशांच्या आसपास वर जाते. बाजूची स्क्रीन बंद ठेवून बॅलन्स केलं आणि नंतर उघडली तर कल त्याच्या दुप्पट पडतो. बॅटरी बदलली, नवी दुसऱ्या कंपनीची आहे: फरक छोटा, पण असतो. एचडीएमआयची वायर लोंबते आहे: ती काढा, नाहीतर दांड्याला घट्ट बांधा. ऑटोफोकसने आतली काच हलली म्हणून बॅलन्स गेला असं काही जण सांगतात. आतल्या आत फोकस करणाऱ्या आधुनिक लेन्समध्ये त्याचा फरक क्वचितच जाणवतो, आधी पट्टा आणि स्क्रीन बघा.

आणि एक कारण यंत्रात नसतंच. मूठ धरणारा हात नकळत दांड्याला लागतो, किंवा दुसऱ्या हाताची बोटं दांडा घट्ट पकडतात. तेव्हा कितीही चांगला बॅलन्स असो, तुमचा प्रत्येक धक्का थेट कॅमेऱ्यात जातो.

हातात घेतल्यावर

जोराच्या हाताने मूठ धरा, कोपर बरगडीजवळ, पण चिकटवून नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं सांध्याच्या लगेच खाली दांड्याला टेकवा. पकडायचं नाही, टेकवायचं. खाली पट्टीजवळ हात लावलात तर बोटाचा हलका दाबही कॅमेऱ्यात मोठा होऊन दिसतो, सांध्याजवळ लावलात तर छोटाच राहतो.

चालण्याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण हे यंत्र कलणं आणि वळणं थांबवतं, वर-खाली होणं नाही. ते तुमच्या गुडघ्यांनी थांबवायचं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवाल चालीचा घोडा पाहिला असेल तर लक्षात येईल: पाय भरभर चालतात, पाठ मात्र हलत नाही, स्वार उडत नाही. तुमची कंबर तशी राहिली पाहिजे. गुडघे किंचित वाकलेले, टाच आधी, मग तळवा, मग बोटं. पावलं छोटी. कडक तळव्याच्या बुटांपेक्षा पातळ तळव्याची चप्पल बरी, पण अनवाणी नको, मांडवात खिळे पडलेले असतात.

सुरुवात करताना आधी मूठ निघते, कॅमेरा मागून येतो. बोटांनी त्याला हलकेच पुढं न्या. थांबताना शेवटची दोन पावलं लहान आणि सावकाश टाका. एकदम थांबलात तर झोका येणारच.

एका वेळी १०-१५ सेकंदांचे शॉट घ्या. दोन-अडीच किलो वजन एका हातावर तोलायचं आहे, दोन-तीन मिनिटांत दंड भरून येतो आणि थरथर सुरू होते. वरातीत नवरदेव घोड्यावरून निघाला की सलग वीस मिनिटं घेत राहायचा मोह होतो. त्यातली पहिली दोन मिनिटंच कामाची निघतात.

सरावाला केळीच्या बागेसारखी जागा नाही. रावेर-यावल भागात झाडांच्या दोन ओळींत साधारण पाच फूट जागा असते, समोर सरळ रेषा, दोन्हीकडे उभे खांब. क्षितिज जरा कललं की लगेच दिसतं. फक्त ठिबकच्या नळ्या बघून चाला आणि लोंबत्या पानांना कॅमेरा लागू देऊ नका, पान लागलं की यंत्र फिरून जातं. ज्याची बाग आहे त्याला आधी विचारा, हे सांगायला नको.

फोकस आणि शटर

चालता चालता फोकसची रिंग फिरवता येत नाही. वाइड लेन्सवर ॲपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) एफ ८ ठेवा आणि फोकस एकदाच लावून मॅन्युअल करा. एपीएस-सी वर १६ मिमी, एफ ८, फोकस १.६ मीटरवर: ८० सेंमीपासून पुढं सगळं स्पष्ट. फुल फ्रेमवर २४ मिमी असेल तर फोकस २.४ मीटरवर, १.२ मीटरपासून पुढं स्पष्ट.

सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर १/५०. ५० फ्रेमला १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या दोन्ही आकड्यांवर मांडवातल्या ट्यूबलाइट सहसा फडफडत नाहीत. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ ८ ला शटर साधारण १/४०० मागतं. ते १/५० वर आणायला तीन स्टॉपचा (उजेड आठपट कमी करणारा), म्हणजे एनडी ८ फिल्टर लागतो. फिल्टर नाही म्हणून शटर १/४०० ठेवलं तर चाल गुळगुळीत असूनही व्हिडिओ तुटक दिसतो, आणि दोष बॅलन्सला दिला जातो.

वारा, ऊन, गुलाल

साक्रीकडच्या माळरानावर वारा सुटला की बिनमोटरचं यंत्र वातकुक्कुटासारखं वाऱ्याच्या दिशेला वळतं. अशा वेळी ड्रॉप टाइम दीड सेकंदावर आणा, लेन्सहूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कडा) काढा, बाजूची स्क्रीन मिटवा आणि त्याच अवस्थेत पुन्हा बॅलन्स करा. वाऱ्याकडे पाठ करून, यंत्र आपल्या आडोशाला धरून शूट करा. झोका थोडा येईल, पण भरकटण्यापेक्षा तो परवडतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की टेपचा गोंद पातळ होतो आणि चिकटवलेली नाणी सरकतात. उन्हाळ्यात नाण्यांवरून केबल टाय बांधा किंवा बोल्टमध्ये वायसरच वापरा. काळा दांडा उन्हात ठेवू नका, हात पोळतो.

मिरवणुकीतला गुलाल आणि काळ्या मातीची धूळ थेट सांध्याच्या बेअरिंगमध्ये जाते. परत आल्यावर मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि हवेच्या फुग्याने फुंका. वर खोबरेल तेल किंवा ग्रीस चोपडू नका, त्यात पुढच्या वेळचा गुलाल चिकटून लगदा होतो. बेअरिंग अगदीच कोरडं वाटलं तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि उरलेलं कापडाने टिपून घ्या.

शेतात भरीत पार्टी शूट करताना काड्यांच्या जाळाजवळ खालून शॉट हवा असतो. तेव्हा यंत्र उलटं करून कॅमेरा खाली लोंबवायचा प्रयोग करू नका. त्यासाठी वेगळा बॅलन्स लागतो. गुडघ्यात बसा, आणि जाळाच्या वाऱ्याकडच्या बाजूला राहा. दुसऱ्या बाजूला धूर लेन्सवर येतो, राख बेअरिंगवर.

मोटरचा गिंबल असेल तर

तिथंही क्रमच महत्त्वाचा, फक्त क्रम वेगळा. गिंबल बंद ठेवून, किंवा लॉक असतील तर एका वेळी एकच आस (फिरण्याचा अक्ष) मोकळी करून काम करा. पहिली टिल्ट: लेन्स समोर ठेवून कॅमेरा मागं-पुढं सरकवा, लेन्स आपोआप खाली किंवा वर जाता कामा नये. मग लेन्स आभाळाकडे करून कॅमेरा वर-खाली सरकवा, तो त्याच स्थितीत राहिला पाहिजे. दुसरी रोल: मागून बघून डावं-उजवं. तिसरी पॅन: मूठ आडवी धरा आणि गिंबलचा वरचा हात झुलतो का बघा, झुलत असेल तर पॅनचा हात सरकवा. तिन्ही आसांवर कॅमेरा कुठल्याही कोनात ठेवला तरी तिथंच थांबला की मगच चालू करा आणि ऑटो-ट्यून करा, म्हणजे मोटरचा जोर गिंबलला स्वतः ठरवू द्या.

मोटर आळशी बॅलन्स झाकून टाकते, हीच तिची खोड. समोरून सगळं छान दिसतं, पण मोटर सतत जोर लावत असते. मग ती तापते, बॅटरी लवकर उतरते आणि क्लिपमध्ये बारीक थरथर येते. थरथर दिसली की ट्यूनिंगच्या मेनूत शिरण्याआधी गिंबल बंद करा आणि हाताने बॅलन्स बघा. प्लेट सैल असेल किंवा लेन्स झूम झालेली असेल, नव्वद टक्के वेळा तिथंच सापडतं.